नार्निया संच: आठ महिन्यांनंतर

नार्निया या जादूच्या देशाच्या गोष्टी सांगणारा सी. एस. लुईस यांचा हा सात पुस्तकांचा संच फेब्रुवारीत ठाण्यातल्या एका पुस्तक प्रदर्शनातून घेतला, तेव्हा मनात जुनी अढी होती. बाराव्या वर्षी वाचताना त्यातला अस्लान मला नुसता सिंह वाटला होता. कॉलेजात कळलं की त्याचं मरणं आणि पुन्हा उठणं ही येशूची कथा आहे, लुईस यांनी जाणूनबुजून मांडलेली. फसवल्यासारखं वाटलं. त्याहून खुपला तो ताश, शत्रूंचा देव: डोकं गिधाडाचं आणि हात चार. आमच्या देव्हाऱ्यातल्या विष्णूलाही चार हात आहेत! पुस्तकं देऊन टाकली.

क्रमाबद्दल आधी सांगते. माझ्या संचावर ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ला पहिला क्रमांक दिलाय, पण ते १९५५चं. सुरुवात १९५०च्या ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’पासूनच करा.

ते मी गुड फ्रायडेच्या सुट्टीत तलावपाळीवर वाचलं. सेंट जॉन चर्चकडे माणसं चालली होती. मरायला निघालेला सिंह रात्री दोघी बहिणींना आयाळीवर हात ठेवायला सांगतो, त्या सोबत आहेत हे त्याला जाणवावं म्हणून. आजोबांच्या शेवटच्या दिवसांत त्यांना आमचा हात असाच हातात लागायचा. देवालाही सोबत लागते, हे लहानपणी मला दिसलंच नव्हतं. येशूची कथा माहीत होती म्हणून ते पान आता जास्त आत गेलं.

मधली पुस्तकं भराभर झाली. सातवं, १९५६चं ‘द लास्ट बॅटल’, मात्र सकाळच्या लोकलमध्ये पंधरा दिवस पुरलं. ताशचे चार हात आजही खुपतात, त्यात बदल नाही. पण त्याच पुस्तकात एमेथ आहे. आयुष्यभर मनापासून ताशला भजलेला हा तरुण अस्लानसमोर येतो, आणि अस्लान ती सेवा आपलीच मानून त्याला जवळ घेतो. मला आजीचा गीतेचा नववा अध्याय आठवला, ‘येऽप्यन्यदेवता भक्ता’. इतर देवांना श्रद्धेने भजणारेही मलाच भजतात.

एमेथला आत घेणारा लेखक सुझनला, त्या दोघी बहिणींतल्या थोरलीला, मात्र बाहेर ठेवतो. ती आता नार्नियाची मैत्रीण नाही. तिला लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि आमंत्रणं यांतच रस उरलाय, असं तिचीच माणसं सांगतात. ती माणसं रेल्वे अपघातात गेलेली असतात, भावंडं आणि आईवडीलही. हे कळलं तेव्हा गाडी कळव्याच्या पुढे ठाण्यात शिरत होती. पुस्तक मिटलं. बाकी सगळे मरणापलीकडच्या उजेडात आनंदाने वर चालले होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर एकटी सुझन, ओळख पटवायला गेलेली. कॉलेजातला माझा राग धर्मावर होता. आताचा या एका निवाड्यावर आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही.

भाची दहा वर्षांची आहे. तिला सहा पुस्तकं दिली. सातवं माझ्याकडेच आहे; ते आम्ही दोघी शेजारी बसून वाचू.