मका, तांदूळ की टॅपिओका? अंगाला लावायच्या पावडरीसाठी स्टार्च निवडताना

टाल्क (पावडरीत वापरलं जाणारं खनिज) सोडून वनस्पतिजन्य स्टार्चकडे वळणाऱ्यांना कारण आहे. जॉन्सन अँड जॉन्सनने २०२३ मध्ये जगभर बेबी पावडरमधला टाल्क काढून मक्याचा स्टार्च आणला. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, टाल्क ‘बहुधा कर्करोगजन्य’ गटात टाकला. पण टाल्क नाही म्हणजे काळजी मिटली, असं होत नाही. स्टार्च स्वतः त्वचेला क्वचितच त्रास देतो. त्रास होतो तो त्याच्यासोबत आलेल्या प्रथिनांचा, ओलीचा, जंतूंचा आणि श्वासात जाणाऱ्या धुळीचा. म्हणून तुलना करायची ती याच बाबतीत.

मका हा बिनडोकेदुखीचा पर्याय. कण साधारण ५ ते २० मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), प्रथिनं अर्ध्या टक्क्याहून कमी. वाण्याकडचं कॉर्नफ्लोअर म्हणजे हाच स्टार्च. पाकिटावर घटक म्हणून फक्त मक्याचा स्टार्च असल्याची खात्री करा. कस्टर्ड पावडरही मक्याचीच, पण तिच्यात रंग आणि इसेन्स असतो. मक्याचं पिवळं पीठ तर वेगळीच वस्तू.

तांदळाचे कण २ ते ८ मायक्रॉनचे, या सगळ्यांत बारीक. चेहऱ्यावर एकसारखे बसतात, तेलकट चमक दबते. कॉम्पॅक्टसाठी, म्हणजे दाबून वडी केलेल्या चेहऱ्याच्या पावडरीसाठी, मक्यापेक्षा तांदूळ सरस. मात्र बारीक म्हणून उडतोही जास्त. आणि गोंधळ होतो तो पिठीशी. तांदळाच्या पिठीत ६ ते ८ टक्के प्रथिनं आणि थोडं तेल असतं, त्यामुळे ती खवट होते, किडे लागतात, दमट हवेत बुरशीही धरते. उकडीच्या मोदकांची पिठी पावडरीच्या डब्यात भरू नका. लेबलवर ‘ओरिझा सटायवा स्टार्च’ असं हवं, नुसतं ‘राइस फ्लोअर’ नको.

टॅपिओका म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचा स्टार्च. प्रथिनं नगण्य, स्पर्श मऊ. मक्याची अ‍ॅलर्जी असेल तर हा घ्या. सुट्या आरारूटमध्ये मका किंवा टॅपिओका मिसळलेला असू शकतो. अपाय नाही, पण जास्तीचे पैसे कशाला? बटाट्याचे कण १०० मायक्रॉनपर्यंत मोठे, शिवाय तो हवेतली ओल जास्त ओढतो. मुंबईच्या जुलैत नकोच. गव्हाच्या स्टार्चमध्ये ग्लूटेनचा अंश राहू शकतो, म्हणून सीलिअ‍ॅक (ग्लूटेन न सोसण्याचा आजार) असलेल्यांनी ओठांच्या प्रसाधनात तो टाळावा.

स्टार्चने बुरशी पोसते, ही भीती जुनी. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, माणसाच्या त्वचेवर केलेल्या चाचणीत मक्याच्या स्टार्चने कँडिडा या बुरशीची वाढ वाढलेली दिसली नाही. तरी काखेत, जांघेत घाम आणि स्टार्च मिळून लगदा होतो आणि तो घासतो. लोकलच्या गर्दीत घामाने भिजलेल्या अंगावर वरून पावडर थापणं म्हणजे तोच लगदा तयार करणं. आधी पुसून कोरडं करा, मग पातळ थर लावा. गजकर्ण असेल तर कोणतीच पावडर नको, आधी औषध.

खाजवून फुटलेल्या घामोळ्यावरही नको. शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांवरची पावडर मक्याच्या स्टार्चचीच असे. जखमेत आणि श्वसनमार्गात सूज येते म्हणून अमेरिकेत असे मोजे जानेवारी २०१७ पासून बंद झाले. तान्ह्या बाळाला तर पावडरीची गरजच नसते. लावायचीच असेल तर डबा बाळापासून लांब धरून आधी हातावर घ्या.

पावसाळ्यात साधा स्टार्च गुठळ्या धरतो. अ‍ॅल्युमिनियम स्टार्च ऑक्टेनिलसक्सिनेट हा प्रक्रिया केलेला स्टार्च पाणी झटकतो, म्हणून क्रीम आणि कॉम्पॅक्टमध्ये दिसतो. नावातल्या अ‍ॅल्युमिनियमने दचकू नका. अमेरिकेच्या प्रसाधन-घटक तज्ज्ञ मंडळाने जड धातूंची मर्यादा पाळण्याच्या अटीवर तो सुरक्षित ठरवला आहे. पावडर घरी करायची असेल तर ९० ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि १० ग्रॅम झिंक ऑक्साइड, नॅनो (अतिसूक्ष्म कणांचं) नसलेलं. नाकाला मास्क लावून मलमलीतून दोनदा चाळा आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. खाण्याचा सोडा घालू नका. त्याचा पीएच आठच्या वर जातो आणि काख चुरचुरते.

स्टार्च पाण्यात शिजवून केलेल्या जेलचं गणित वेगळं. बॅसिलस सीरिअस या जंतूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं जेल फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा; पातळ झालं किंवा वास आला तर लगेच फेका.

मशीद बंदरच्या घाऊक बाजारातून मोठी गोणी घेणार असाल तर बॅचचं विश्लेषण-पत्र मागा: ओल, जड धातू, जंतूंची संख्या. आयएसओ १७५१६ या प्रसाधनांतल्या जंतूंच्या मर्यादेच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तयार प्रसाधनात ही संख्या ग्रॅमला १,००० पर्यंत चालते. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी आणि डोळ्यांभोवती लावायच्या वस्तूंत फक्त १००. विकायचा विचार असेल तर राज्याच्या एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) उत्पादन परवाना आधी काढावा लागतो.