सहलीला कार्ले की भाजे?

दोन्ही लेणी मळवली स्टेशनच्या आसपासच, पण सहावीचा वर्ग न्यायचा तर माझं मत भाज्याला. कार्ल्याचं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, भव्य. छताच्या मूळ लाकडी कमानी अजून टिकल्यात, खांबांवर दान देणाऱ्यांचे ब्राह्मी या प्राचीन लिपीतले लेख आहेत. मात्र दाराशीच एकवीरा देवीच्या देवळाची गर्दी, त्यात 40 पोरं सांभाळायची म्हणजे बाईंचा घसा बसलाच! भाज्याला निवांतपणा मिळतो. चैत्यगृहातले आत कललेले खांब दाखवून “हे तिरपे का?” एवढंच विचारावं आणि गप्प बसावं. लाकडी बांधकामाची नक्कल दगडात केलीय, इथवर मुलं आपापसांत वाद घालत पोचतात. 14 स्तूपांचा समूह वहीत रेखाटायला द्यावा. ब्राह्मी दाखवायचीच असेल तर कार्ले, तेही रविवार टाळून.