नग्गरच्या घरातला तंदूर: तीन हिवाळे वापरून

कुल्लूकडे तंदूर म्हणजे रोट्या भाजायची भट्टी नव्हे. लोखंडी पत्र्याची, चार पायांवर उभी पेटी. पुढे जळण घालायचं दार, वर भांडं ठेवायला गोल झाकण आणि मागून खिडकीबाहेर जाणारा पाइप. थंडीत घरातली माणसं याच्याभोवतीच जेवतात आणि झोपतात. आम्ही नग्गरजवळ सफरचंदाच्या बागेतल्या भाड्याच्या घरात आलो तेव्हा विजेचा हीटर घेतला होता. पहिल्याच मोठ्या बर्फात दोन दिवस वीज गेली. रस्ता मोकळा होताच कुल्लूच्या अखाडा बाजारातून तंदूर आणला.

घ्यावा, पण जाड पत्र्याचाच. शेजारच्या अम्मांच्या पातळ पत्र्याच्या तंदुराला दुसऱ्याच वर्षी तळाशी भोक पडलं. माझा २ मिलिमीटर जाडीचा आहे, उचलायला दोन माणसं लागतात, आणि अजून कुठे वाकलेला नाही. पेटवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत खोलीत स्वेटर काढावासा वाटतो. वर डाळ शिजते, चहाचं पाणी दिवसभर गरम राहतं. यातली मोठी खोट दाराची. ते घट्ट बसत नाही, फटीतून हवा आत जात राहते आणि लाकूड भराभर जळून जातं. पहिल्या वर्षी रात्री दहाला भरलेला तंदूर दोनला गार असायचा. मग उष्णता सोसणारी दोरी मागवून दाराच्या कडेने बसवली आणि आत दोन्ही बाजूंना भट्टीच्या विटा उभ्या केल्या. आता पहाटे चारलाही राखेखाली निखारे सापडतात.

पाइपाने मात्र रडवलं. बसवायला आलेल्या माणसाने जोड उलटे घातले, म्हणजे वरच्या नळीत खालच्या नळीचं तोंड. महिनाभरात जोडांतून काळं, चिकट डांबर गळून पांढऱ्या भिंतीवर ओघळलं. वरची नळी खालच्या नळीच्या आत बसली पाहिजे, तरच गळणारं सगळं आतल्या आत तंदुरात परत येतं. आम्ही पाइप उतरवून स्वतः उलटा केला. भिंतीवरचे डाग अजून आहेत.

पण एवढं डांबर आलं कुठून? आम्ही ओलं लाकूड जाळत होतो. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. आग आधी ते पाणी उकळण्यात खर्ची पडते, धूर थंड राहतो आणि पाइपात डांबर होऊन बसतो. हेच डांबर पेटलं की पाइपातच आग लागते, आणि आमचं घर देवदाराच्या तुळयांचं आहे. अम्मांनी दोन ओंडके एकमेकांवर आपटून दाखवले. सुकलेला खणखण वाजतो, ओला धप्प. सुकलेल्याच्या टोकांना भेगाही दिसतात.

आमचं मुख्य जळण सफरचंदाच्या छाटणीच्या फांद्या. छाटणी ऐन थंडीत होते, म्हणून यंदाच्या फांद्या पुढच्या हिवाळ्यासाठी. जमिनीपासून वीतभर वर रचायच्या, फक्त माथ्यावर पत्रा टाकायचा, बाजू वाऱ्याला उघड्या. सफरचंदाचं लाकूड जड, सावकाश जळतं आणि निखारा धरतं. चीड-देवदाराच्या तेलकट चिपाट्या मी फक्त पेटवण्यापुरत्या वापरते.

माझं माहेर वाईचं. आजी न्हाणीघरातला तांब्याचा बंब पेटवताना आधी कागदाचा बोळा जाळून नळी तापवायची, नाहीतर धूर घरात घुमायचा. इथे पहिल्या दिवशी डोळे चुरचुरले तेव्हा तो बोळा आठवला. थंड पाइप धूर ओढत नाही. आधी कागद, मग चिपाट्या, मग बोटाएवढ्या फांद्या, आणि चांगली ज्वाळा धरल्यावरच ओंडका.

दर महिन्याला एका उन्हाच्या दिवशी पाइप उतरवते, पोत्यावर आपटते, तारेचा ब्रश फिरवते. या कामाला अर्धा दिवस जातो. राख पूर्ण काढत नाही. तळाशी दोन बोटं राहू देते, त्याने पत्रा वाचतो. काढलेली राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर दगडावर. तिच्यात दोन-तीन दिवसही विस्तव जिवंत राहतो. पूर्ण गार झाली की लसणाच्या वाफ्यांत.

विकत घेणाऱ्यांनी तंदुराबरोबरच कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्यावा. या वायूला रंग नाही, वासही नाही. आमचा उशाशी आहे आणि खिडकीची एक फट कायम उघडी असते, बाहेर कितीही बर्फ असो. बिनपाइपाची कोळशाची अंगीठी पेटवून दार लावून झोपणाऱ्यांचे जीव गेल्याच्या बातम्या इकडे दर हिवाळ्यात येतात. पाहुण्यांनी ती मागितली तरी मी देत नाही, जादा रजई देते.

पाचपैकी चार तारे. एक दारासाठी कापला. पुढच्या महिन्यात वरच्या खोलीसाठी दुसरा बनवून घेतेय, आणि या वेळी दाराला दोरीची खाच आधीच पाडून द्यायला सांगितलं आहे.