बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय : फिटरच्या नजरेनं बघा

गोव्याचा समुद्री आणि लष्करी वारसा म्हटलं की आग्वाद, शापोरा, तेरेखोल, काब द राम ही किल्ल्यांची नावं आधी तोंडावर येतात. मुरगाव तालुका त्या यादीत सहसा नसतो. पण १९६४ पासून, म्हणजे नौदलाचा हंसा तळ दाबोळीला आल्यापासून, चिखली, दाबोळी आणि वास्कोतली घरं नौदलाच्या विमानांचा आवाज रोज ऐकत आली आहेत. त्या आवाजामागची यंत्रं जवळून बघायची तर जागा एकच, बोगमाळोच्या वाटेवरचं नौदल विमान संग्रहालय. ऑक्टोबर १९९८ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं.

वास्कोहून हे सहा-सात किलोमीटरवर आहे. दाबोळी विमानतळाला वळसा घालून बोगमाळो किनाऱ्याकडे उतरणारा रस्ता धरायचा, किनाऱ्याच्या आधीच संग्रहालय लागतं. सकाळी साडेनऊला उघडतं, संध्याकाळी साडेपाचला बंद होतं आणि सोमवारी सुट्टी असते. तिकीट किरकोळ आहे. अर्ध्या तासात फोटो काढून बाहेर पडायचं असेल तर तसंही जमेल, पण ही जागा किमान अडीच तास मागते. विमानं उघड्या आवारात आहेत. त्यामुळे उघडल्याबरोबर जाऊन आधी बाहेरचं बघावं आणि ऊन चढलं की इमारतीत शिरावं. हा क्रम उलटा केला तर भर दुपारी तापलेल्या पत्र्यासमोर उभं राहावं लागतं आणि मुलं कंटाळतात. शेजारी तळ आणि विमानतळ आहे, तेव्हा ड्रोनचा विचारही करू नये.

सगळ्यात आधी डोळ्यांत भरतं ते सुपर कॉन्स्टेलेशन. पंखांचा पसारा सुमारे ३७ मीटर, पिस्टनची चार इंजिनं, प्रत्येकात १८ सिलिंडर. शेपटीला तीन उभे पंख का, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. एकच उंच पंख बसवला असता तर त्या काळच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानाच्या शेडमध्ये, ते शिरलं नसतं, म्हणून तेवढंच क्षेत्रफळ तिघांत वाटून दिलं. एअर इंडियाचे प्रवासी नेणारी ही जात पुढे हवाई दलाकडे गेली आणि १९७६ मध्ये नौदलाकडे आली. त्यानंतर दाबोळीहूनच अरबी समुद्रावर तासन्‌तास टेहळणीची उड्डाणं झाली. आज तेच काम हंसावरची पी-८आय विमानं करतात, त्यांची तुकडी इथं मार्च २०२२ मध्ये दाखल झाली. आवारात उभं असताना डोक्यावरून एखादं विमान गेलं तर मुलांना हा धागा दाखवून द्या. जुनं आणि नवं असं एका आभाळाखाली क्वचितच दिसतं.

पण सर्वांत जास्त वेळ द्यावा अलिझेला. फ्रेंच बनावटीचं हे पाणबुडीविरोधी विमान दिसायला साधं आहे, पुढे एकच टर्बोप्रॉप (टर्बाइनच्या जोरावर पातं फिरवणारं) इंजिन आणि पंखाखाली दोन फुगीर कप्पे. त्या कप्प्यांत चाकं मागे सरकून बसतात, आणि पाण्यात टाकायचे, पाणबुडीचा आवाज टिपणारे सोनोबॉयही तिथंच ठेवलेले असत. पोटाखाली रडारचा घुमट आहे. तो उड्डाणात खाली सरकायचा आणि उतरताना आत ओढला जायचा. आता पंखाकडे या. विमानवाहू नौकेवर जागा मोजूनमापून असते, म्हणून पंख मध्येच मोडून वर घेता येतो. घडीच्या रेषेवर डोळा ठेवून नीट बघा : बिजागरीचे जाड कान, त्यातून जाणारी पिन, पंख उघडल्यावर तो घट्ट धरून ठेवणारे लॉक, आणि सांध्यावरून लवचीक वळण घेऊन पलीकडे गेलेल्या नळ्या. उड्डाणात घडीपलीकडच्या पंखावर येणारा सगळा भार याच चार-सहा जागांतून धडापर्यंत पोचतो. पिनच्या भोकाला केसाएवढी भेग गेली तरी विमान जमिनीवर ठेवावं लागतं. फिटर किंवा शीट मेटलचा कोर्स करणाऱ्या मुलाला टॉलरन्स म्हणजे काय, मापात किती फरक चालतो, हे वर्गात दहा वेळा सांगावं लागतं. इथं ते एका नजरेत कळतं.

अलिझेच्या शेपटीखालचा हूकही चुकवू नये. नौकेच्या डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी एखादी या हुकात अडकली तरच विमान थांबणार. हूक सुटला तर वैमानिकाला लगेच पूर्ण जोर देऊन पुन्हा उडावं लागतं. म्हणून डेकवर टेकताना इंजिन मंद करायचं नाही, उलट जोर वाढवायचा. जमिनीवरच्या सवयीच्या नेमकं विरुद्ध.

अलिझे आणि सी हॉक यांची जोडी मिळून बघायची. १९७१ च्या युद्धात जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेवर हीच दोन्ही होती. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एक नादुरुस्त होता, त्यामुळे नौकेचा वेग कमी आणि डेकवरून सुटणाऱ्या विमानाला समोरून मिळणारा वाराही कमी. तरीही दिवसा सी हॉक आणि रात्री अलिझे अशी पाळी लावून चितगाव, कॉक्स बाजार या बंदरांवर हल्ले झाले. सी हॉक हे जेट आहे, पण शेपटीत जेटचं तोंड शोधलंत तर सापडणार नाही. हवा पंखांच्या मुळाशी दोन बाजूंनी आत जाते आणि जळलेला वायूही पंखांच्या मागच्या मुळाशी दोन बाजूंनीच बाहेर पडतो. त्यामुळे धडाचा मागचा भाग इंधनासाठी मोकळा राहिला आणि पल्ला वाढला. नाकाखाली २० मिमीच्या चार तोफांची तोंडं आहेत. विक्रांत २०१४ मध्ये तोडायला गेली. तिच्या डेकवरून उडालेल्या जातीची विमानं समोरासमोर बघायला मिळतात अशा मोजक्या जागांत बोगमाळो आहे, आणि वास्कोकरांनी हे पाहुण्यांना अभिमानानं सांगावं.

सी हॅरियरची गर्दी बारमाही. १९८३ ला आलेलं आणि मे २०१६ मध्ये हंसावरच निवृत्त झालेलं हे विमान गोव्याचं घरचंच. बाजूला उभं राहून इंजिनाची चार तोंडं मोजा. पुढच्या दोनांतून पंख्याची थंड हवा येते, मागच्या दोनांतून तप्त वायू. चारही एकदम खाली वळली की विमान उभ्या उभ्या तरंगतं. तरंगताना वेग शून्य असतो, मग शेपटीचे आणि पंखाचे हलते भाग काही कामाचे राहत नाहीत. त्यासाठी नाक, शेपटी आणि पंखांची टोकं इथं हवेचे छोटे झोत सोडणारी तोंडं ठेवली आहेत. ती शोधून काढायला मुलांना सांगा, पाच मिनिटं जातात आणि ती विसरत नाहीत. चाकंही निराळी आहेत : एक नाकाखाली, जोडचाक पोटाखाली, आणि पंखांच्या टोकांना आधारापुरती बारीक चाकं, सायकलला लहानपणी लावतात तशी.

हेलिकॉप्टरांत कामोव्ह-२५ आणि चेतक एकापाठोपाठ बघा. चेतकच्या शेपटीला छोटा पंखा आहे, नाहीतर वरचं पातं एकीकडे फिरताना धड उलट दिशेला गरगरलं असतं. कामोव्हला तो नाही, कारण वर पात्यांचे दोन संच एकावर एक, उलटसुलट फिरतात आणि एकमेकांचा पीळ मोडतात. शेपटी आखूड झाली, आणि विनाशिकेच्या लहानशा डेकवर ते मावलं. एचटी-२ हे छोटं शिकाऊ विमान लोक ओलांडून पुढे जातात. तसं करू नये. हिंदुस्थान एअरक्राफ्टनं स्वतः घडवलेलं हे विमान १९५१ मध्ये प्रथम उडालं आणि त्याचे रचनाकार होते डॉ. वि. मा. घाटगे, कोल्हापूरकडचे. बाकी व्हॅम्पायर, फायरफ्लाय, किरण पाहता पाहता होतात. सीलँडपाशी मात्र क्षणभर थांबा, पाण्यावर उतरणाऱ्या या विमानापासूनच १९५३ मध्ये कोचीला नौदलाच्या हवाई शाखेची सुरुवात झाली.

आता थोडं काळजीचं. खाऱ्या वाऱ्यात आणि वर्षाला सुमारे ३००० मिमी पावसात उघड्यावर विमान ठेवणं म्हणजे ते रोज थोडं थोडं गमावणं. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, बोल्ट पोलादाचे. मध्ये खारं पाणी आलं की तिथं बॅटरी तयार होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटभोवती रंगाला फुगवटा दिसला तर आत पांढरी भुकटी जमलेली असते. मॅग्नेशियमचे भाग असतील तर ते आणखी लवकर जातात. उपाय माहीत आहेत, पण ते सवयीनं आणि वेळेवर व्हावे लागतात. गोड्या पाण्यानं धुणं, पोटाखालची निचऱ्याची भोकं काडीनं मोकळी ठेवणं, टायरवरचा भार काढून विमान स्टँडवर घेणं, कॉकपिटच्या काचेवर आच्छादन, पक्ष्यांची घरटी काढणं. रंगवायचं तर आधी भुकटी पूर्ण खरवडून प्रायमर, मग रंग. सर्वांत मोठी चूक होते ती घाईत : लोखंडी तारेच्या ब्रशनं घासतात, पोलादाचे कण ॲल्युमिनियमात रुतून बसतात आणि नव्या रंगाखाली झीज पहिल्यापेक्षा वेगानं सुरू होते. नायलॉनचे किंवा ॲल्युमिनियमसाठीचे वेगळे पॅड वापरायचे आणि ते दुसऱ्या कामाला न्यायचे नाहीत.

हे काम जाणणारे हात मुरगावातच तयार होऊ शकतात. दाबोळीला नौदलाचं विमान दुरुस्ती यार्ड आहे, वास्कोला १९५७ पासूनचा गोवा शिपयार्ड आहे. आयटीआय झालेल्या मुलांसाठी ॲप्रेंटिसच्या जागा निघतात, त्या भारत सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंद करून ठेवली तर हातून निसटत नाहीत. दहावीचं आणि आयटीआयचं गुणपत्रक, आधार आणि जातीचा दाखला असेल तर तो, यांवर नाव एकाच पद्धतीनं लिहिलेलं आहे ना, हे जाहिरात येण्याआधीच तपासावं. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा तिथंच.

आयटीआयच्या शिक्षकांनी इथं मुलं आणायची तर वीस-वीसचे गट करावेत आणि प्रत्येकाच्या हातात एक वही द्यावी. पंखाच्या पुढच्या कडेला डोकं पत्र्यात बुडवलेले रिव्हेट आणि मागे घुमटीचे रिव्हेट का, हे लिहायला सांगावं. पुढे हवेला अडथळा नको, मागे फारसा फरक पडत नाही. वर्कशॉपमध्ये शिकवतात की रिव्हेट ठोकल्यावर तयार होणारं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि अर्धपट उंच हवं. पत्र्याची आतली बाजू कुठं उघडी दिसली तर ते इथं डोळ्यांनी ताडता येतं. हात लावू नये, घामातलं मीठही पत्र्याला पुरतं.

इमारतीतल्या दालनांत इंजिनं, शस्त्रं, विमानवाहू नौकांच्या प्रतिकृती आणि वैमानिकांची सामग्री आहे. तिथं घाई चालते, फक्त इंजिनांपाशी थांबा आणि बाहेर पाहिलेल्या विमानाशी प्रत्येक इंजिनाचं तोंड जुळवा. आवारात खायची सोय आहे. उरलेला दिवस बोगमाळोच्या किनाऱ्यावर घालवता येतो, पण पावसाळ्यात समुद्रात उतरू नये.