फोंड्यातला बारावीचा बायोलॉजी क्लास: जेनेटिक्ससाठी तरी नक्की घाला

मुलांना पनेट स्क्वेअर (आईबापांचे जीन्स पिल्लांत कसे जुळतील ते मांडायची चौकट) पाठ न करता समजावा असं वाटत असेल तर हा क्लास घ्या. कदंब बसस्टँडपासून चालत जाता येतं, खोली जरा लहान आहे, पण मॅडम ज्या पद्धतीने शिकवतात ना ते मी दुसरीकडे बघितलं नाही.

गच्चीवर गुलबक्षीच्या कुंड्या आहेत. पुस्तकात इनकम्प्लीट डॉमिनन्सला (कुठलाच गुण पूर्ण वरचढ न होता मधला दिसतो त्याला) अँटिऱ्हायनमचं उदाहरण आहे, ते फूल आपल्याकडे कोण बघतो, गुलबक्षी मात्र दारोदारी असते, आणि जर्मनीच्या कार्ल कोरेन्सने हीच गोष्ट गुलबक्षीवर दाखवली होती. तांबडी आणि पांढरी यांचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळी गुलाबी. आमच्या लेकीला वाटायचं दोन रंग कालवल्यासारखं होतं, मग मॅडमनी विचारलं की असं असेल तर गुलाबीच्या बियांतून परत पांढरी कशी येते? म्हणजे जीन्स मिसळत नाहीत, दोन्ही शाबूत राहतात, फक्त तांबड्याची एकच प्रत असल्याने रंगद्रव्य कमी तयार होतं. म्हणूनच गुलाबीच्या बियांत नेहमीचं 3:1 नाही तर तांबडी, गुलाबी, पांढरी असं 1:2:1 येतं, आणि जीनोटाइपचं (जीन्सच्या जोडीचं) आणि फिनोटाइपचं (दिसणाऱ्या रंगाचं) गुणोत्तर एकच.

सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची. आधीच्या बॅचने गुलाबी फुलांवर पिशव्या बांधून स्वपरागणाच्या बिया धरल्या होत्या, त्या जूनमध्ये मुलांना प्रत्येकी 4 दिल्या. चवथीच्या सुमारास फुलं आली तर लेकीच्या चारांत पांढरं एकही नाही, ती हिरमुसली, चौकटीत तर चारांत एक पांढरं लिहिलंय! मॅडमनी लगेच गणित करायला लावलं: एक बी पांढरी नसण्याची शक्यता 3/4, चारही नसण्याची 81/256, म्हणजे जवळजवळ 32 टक्के. तिघांतल्या एकाला असं होणारच. मग सगळ्या बॅचच्या कुंड्या एकत्र मोजल्या तेव्हा गुणोत्तर बरंच जवळ आलं. चौकट प्रत्येक बीची शक्यता सांगते, वाटणी ठरवून देत नाही, हे आता ती विसरणार नाही.

अंगणातली पिवळी किंवा ठिपक्यांची गुलबक्षी या साध्या चौकटीत बसत नाही, तिथे एकापेक्षा जास्त जीन्सचा खेळ असतो, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. मुलं नेमकं हेच विचारतात आणि बरेच शिक्षक टाळतात.

कमी काय तर को-डॉमिनन्स आणि रक्तगट फार घाईत उरकले, एबी गटात दोन्ही अँटिजन (रक्तपेशींवरच्या ए आणि बी या खुणा) पूर्ण दिसतात, गुलाबीसारखं मधलं काही होत नाही हा फरक अजून एक दिवस घेऊन सांगायला हवा होता. टेस्टचे पेपरही उशिरा मिळतात.

जमलं तर संध्याकाळची बॅच घ्या. गुलबक्षी साधारण चारनंतर उमलते, सकाळी उशिराच्या बॅचला मिटलेल्या फुलांवरून रंग ओळखावे लागतात.