दारू गाळायला शिकायचंय? स्वतःचा परवाना की परवानाधारकाची भट्टी

वेंगुर्ले-सावंतवाडीकडे काजूची बोंडं बागेत कुजतात, म्हणून घरीच गाळून बघू, असं वाटतं. तसं करू नका. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 च्या कलम 65 नुसार विनापरवाना गाळणं गुन्हा आहेच, पण त्यासाठी भट्टीचं साहित्य बाळगणंही गुन्हा आहे.

स्वतःचा परवाना घ्यायचा तर राज्य उत्पादन शुल्काच्या जिल्हा अधीक्षक कार्यालयात जा. तो धंद्यासाठी असतो. जागा, हिशेब, तपासणी सगळं आलं. नुसत्या शिकण्यासाठी हा व्याप परवडत नाही.

दुसरी वाट गोव्यातली: हंगामात, मार्च ते मे, परवानाधारक भट्टीवर हाताखाली काम. आमच्या मते नवख्याने हीच धरावी. निरो, म्हणजे बोंडांचा रस, दोन-तीन दिवस आंबतो, पहिल्या गाळपाला उर्राक, उर्राकात आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळलं की फेणी. खरं शिक्षण आगीपाशी आहे. जाळ वाढला की रस फेसाळून नळीत चढतो, गाळ तळाला करपतो आणि तो जळका वास शेवटपर्यंत जात नाही. थंड करायचं पाणी कोमट झालं तर वाफ तशीच निसटते. पहिली उग्र धार वेगळी काढायची.

भट्टीवाल्याचा परवाना चालू वर्षाचा आहे ना, हे आधी बघा.