इस्तंबूल: रमजान बायराममध्ये जावं की कुर्बान बायराममध्ये?

रमजान बायरामची (आपली रमजान ईद) सरकारी सुट्टी साडेतीन दिवसांची, कुर्बान बायरामची (बकरी ईद) साडेचार. खरा फरक त्या एका दिवसाचा नाहीच. कुर्बानला सरकार पुष्कळदा आधी-मागचे दिवस जोडून कर्मचाऱ्यांना सलग नऊ दिवस देतं. मग अर्धं शहर गावाकडे किंवा अंताल्या-बोद्रुमच्या किनाऱ्याकडे सुटतं. लांब पल्ल्याच्या बस आणि अंकाराच्या जलद गाडीची तिकिटं संपतात. काप्पादोकियाही (मध्य तुर्कस्तानातला पर्यटन भाग) सहलीला जोडायचं असेल, तर प्रवासाचा दिवस सणाच्या आदल्या दुपारी किंवा शेवटच्या दिवशी चुकूनही ठेवू नका.

ग्रँड बझार दोन्ही सणांत पूर्ण बंद. तिथून गालिचा घ्यायचा तर आधीच उरका. तोपकापीसारखी संग्रहालयं पहिल्या दिवशी, निदान सकाळी तरी बंद असतात. बँकांचं कामकाज आदल्या दुपारीच आटोपतं, म्हणून लिरा त्याआधीच काढून ठेवा. शहरातल्या मेट्रो-बस मात्र सणात बहुधा फुकट!

कुर्बानी ठरलेल्या जागी होते, पर्यटन भागात ती क्वचितच दिसते. उपनगरात राहणार असाल तर दिसेल. पहिल्यांदाच जाणाऱ्याने रमजान बायराम निवडावा: सुट्टी आटोपशीर, आणि मिठाईच्या दुकानांत बकलाव्याची रेलचेल.